आंबोली घाटातील सायकल-आरोहण

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी–बेळगाव मार्गावर, दाणोली व आंबोली या गावांच्या दरम्यान सह्याद्रीचा पश्चिमेकडील कडा चढून जाणारा रस्ता ‘आंबोली घाट’ या नावाने प्रसिद्ध आहे. घाटमाथ्यावरील आंबोली हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मी. उंचीवर असून तेथे वर्षाकाठी साधारणतः ७,००० मिमी. किंवा त्याहूनही अधिक पाऊस पडतो. महाराष्ट्रातील अतिपर्जन्याच्या मोजक्या ठिकाणांत त्याची गणना होते. कुडाळपासून झाराप, आकेरी, सावंतवाडी व दाणोली या मार्गाने आंबोली सुमारे ५० किमी. अंतरावर आहे, त्यांपैकी अखेरचे सुमारे १५ किमी. घाटाचे होत. तळकोकणातील सायकलस्वार हा चढ मानाची कसोटी समजतात. तथापि ज्या रस्त्यावर ही कसोटी होते, त्याचा चढ सायकलसाठी आखलेला नव्हता. तो ओझ्याने भरलेल्या बैलगाडीच्या मापाने आखला गेला. घाटातील सायकलप्रवासाचा इतिहास पाहताना प्रथम या मापाकडे वळावे लागते.

जुन्या वाटा : कुडाळ हे कर्ली नदीच्या काठचे जुने ठाणे. आदिलशाही अमदानीत कुडाळ प्रांत म्हणून हा मुलूख ओळखला जाई व पुढे तो वाडीकर सावंतांच्या सत्तेखाली आला. कुडाळपासून पूर्वेकडे पाहिल्यास सह्याद्रीची भिंत सलग दिसते. तरी तिच्यात जागोजागी वाटा होत्या. हणमंत घाट, घोटगे घाट, पारपोली घाट, तळकट घाट, राम घाट ही त्यांतील काही नावे. रांगणा, मनोहर-मनसंतोष, महादेवगड हे किल्ले अशा वाटांवर नजर ठेवण्याच्या जागी उभे आहेत. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांचा कुडाळ परिसरात खवासखानाच्या विजापुरी फौजेशी सामना झाला, तीही फौज घाट उतरूनच कोकणात आली होती. सतराव्या शतकात डचांनी वेंगुर्ले येथे वखार घातली, तेव्हा या वाटांचे दुसरे टोक समुद्रपार जोडले गेले.

या वाटांवरून मीठ, नारळ, सुकी मासळी वर जाई आणि गूळ, मिरची, तंबाखू, कडधान्ये खाली येत. वाहतूक पाठीवर ओझे घेतलेल्या बैलांची. पाठीवर गोणी असलेला बैल पायरीपायरीने चढू शकतो, म्हणून वाट नाकासमोर डोंगरावर जात असे. चार हात पुढे गेले की एक हात वर, इतका चढ अशा वाटेत कित्येक ठिकाणी आढळतो. उरलेल्या जुन्या वाटांवर आजही चालून पाहावे. पाऊलवाट आणि गाडीरस्ता यांतील फरक वर्णनापेक्षा पोटऱ्यांना लवकर कळतो.

गाडीरस्त्याचा उदय : १८१२ मध्ये वेंगुर्ले बंदर इंग्रजांच्या ताब्यात आले आणि १८१८ नंतर बेळगाव हे त्यांच्या दक्षिणेतील महत्त्वाच्या लष्करी छावण्यांपैकी एक ठरले. छावणी वर आणि बंदर खाली, अशी स्थिती निर्माण झाल्याने दोहोंना जोडणारा मार्ग लष्करी गरजेचा झाला. आरंभी ही वाहतूक मुख्यतः राम घाटाने होत असे. पण तो चढ गाड्यांना फार जड होता. त्यातच १८४४-४५ च्या गडकऱ्यांच्या उठावात कोल्हापूर व सावंतवाडी या दोन्ही संस्थानांचे मुलूख पेटले, बंडवाल्यांनी मनोहर-मनसंतोषाचा आश्रय घेतला आणि त्या किल्ल्यांवर फौज नेताना डोंगराळ मुलखाची दुर्गमता इंग्रज अधिकाऱ्यांच्या प्रत्ययास आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पारपोलीच्या जुन्या वाटेच्या परिसरातून आंबोलीचा आखीव गाडीरस्ता तयार झाला, त्यामागे व्यापाराइतकाच हा अनुभव असावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते. आंबोली हे गाव या मार्गावरील मुक्कामाचे ठिकाण म्हणून वाढले आणि १८८० च्या सुमारास सावंतवाडीचे राजकीय प्रतिनिधी कर्नल वेस्ट्रॉप यांच्या पुढाकाराने तेथे थंड हवेच्या ठिकाणाची मांडणी झाली.

घाटरस्ता आखताना अभियंत्यापुढे प्रश्न असतो तो उंचीचा नव्हे, ओढीचा. बैल दिवसभर न थकता आपल्या वजनाच्या साधारण एकदशांश जोराने ओढू शकतो, असा ठोकताळा आहे. जोडीचे वजन ७०० किग्रॅ. धरल्यास ही ओढ ७० किग्रॅ. च्या आसपास येते. मालासह गाडीचे वजन एक टन असेल आणि रस्ता वीस हातांत एक हात चढत असेल, तर निव्वळ चढापोटी ५० किग्रॅ. ओढ लागते; चाकांच्या घर्षणापोटी आणखी वीस-पंचवीस किग्रॅ. म्हणजे जोडीची शक्ती नेमकी पुरी पडते. चढ दुप्पट केला की गाडी जागची हलत नाही, किंवा माल निम्मा उतरवावा लागतो. म्हणून घाटातील गाडीरस्त्यांना ‘विसास एक’ हे प्रमाण मानवले. मोटारी आल्यानंतरही ते फारसे बदलले नाही. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकांत डोंगराळ प्रदेशातील रस्त्यांसाठी नियामक चढ शंभरास पाच, म्हणजेच विसास एक, हाच सांगितलेला आहे. अवघड वळणावर चढ थोडा कमी करावा, असेही त्या मानकांत आहे. वळणावर बैलांपैकी एक आत आणि एक बाहेर पडल्याने दोघांची ओढ सारखी राहत नाही, हे जुन्या गाडीवानाला ठाऊक होते. मोटारीच्या बाबतीत कारण वेगळे आहे, परिणाम मात्र तोच. सायकलस्वाराला घाटात दर वळणावर जो क्षणभर श्वास घेता येतो, तो याच नियमामुळे.

आंबोली घाटात पायथा व माथा यांतील उंचीचा फरक सुमारे ६०० मी. आहे. १५ किमी. अंतरात विभागल्यास सरासरी चढ शंभरास चार येतो. दाणोलीपुढचा सौम्य भाग वगळता मुख्य चढात तो शंभरास पाच-सहाच्या आसपास जातो. हा चढ एकाच बाजूचा आहे, हेही लक्षात घ्यावयास हवे. सह्याद्रीचा पश्चिम उतार कड्यासारखा तुटलेला व पूर्व उतार लांबच लांब पसरलेला असल्याने आजऱ्याकडून येणाऱ्या प्रवाशाला घाट चढल्याची जाणीवही होत नाही. तो थेट माथ्यावर येऊन कड्याच्या तोंडाशी उभा राहतो. आंबोलीस उगम पावणारी हिरण्यकेशी नदी घटप्रभेमार्गे कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाते, तर काही अंतरावरच कड्यावरून कोसळणारे पाणी तेरेखोल नदीच्या खोऱ्यातून अरबी समुद्रास मिळते.

गाडीरस्त्याचा भरभराटीचा काळ अल्प ठरला. १८८० नंतरच्या दशकात सदर्न मराठा रेल्वेचे जाळे बेळगाव-हुबळी भागात पोहोचले आणि मुरगाव बंदराशी त्याची सांधेजोड झाली. देशावरचा माल वेंगुर्ल्याऐवजी मुरगावकडे वळला व वेंगुर्ल्याचा व्यापार उतरणीस लागला. बैलगाड्यांचे तांडे विरळ झाले. रस्ता मात्र राहिला, आणि त्याच सुमारास इंग्लंडमध्ये त्या रस्त्याला साजेशी एक नवी गाडी आकार घेत होती.

सायकलचे आगमन : जॉन केंप स्टार्ली याने १८८५ मध्ये दोन्ही चाके सारख्या आकाराची व मागील चाकाला साखळीने गती देणारी ‘रोव्हर’ सायकल बाजारात आणली. १८८८ मध्ये डनलॉपने हवेची धाव तयार केली. या दोन सुधारणांनी सायकल सामान्य माणसाच्या हाती आली. शतक संपण्यापूर्वी ती मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर दिसू लागली होती. तळकोकणात तिचा प्रसार सावकाश झाला. लाल मातीचे खाचखळग्यांचे रस्ते, नदी-ओढ्यांवरील तरी आणि चार महिन्यांचा पाऊस, ही त्याची उघड कारणे होत. आरंभीच्या सायकली रॅले, बीएसए, हर्क्युलिस अशा इंग्रजी बनावटीच्या असत. स्वातंत्र्याच्या आगेमागे देशी कारखाने उभे राहिले. मद्रासची टीआय सायकल्स, आसनसोलची सेन-रॅले, सोनपतची ॲटलस आणि १९५६ पासून लुधियानाची हीरो यांनी सायकलची किंमत शिक्षकाच्या, पोस्टमनच्या, दूधवाल्याच्या आवाक्यात आणली. प्रस्तुत लेखकाच्या विद्यार्थिदशेत कुडाळच्या दुकानांतून सायकली तासाच्या भाड्याने मिळत. दुकानदार वहीत वेळ लिहून घेई आणि ‘घाटात नेऊ नको’ असे बजावी. ब्रेकची रबरे झिजतात, ही त्याची तक्रार असे.

ही काळी, जड, सरळ दांड्याची सायकल घाटात कशी वागे, ते पाहण्यासारखे आहे. तिला गिअर नसत. पुढील चक्राचे दाते साधारण ४४ व मागील फ्रीव्हीलचे १८. चाकाचा परीघ सुमारे २.२ मी. म्हणजे पायडलाच्या एका फेरीत सायकल ५.४ मी. पुढे जाते. सपाट रस्त्यावर हे प्रमाण उत्तम. पण शंभरास पाच चढावर माणूस ताशी ८ किमी. च्या आसपासच चढू शकतो. त्या वेगात पायडलाच्या मिनिटाला जेमतेम पंचवीस फेऱ्या होतात. ६५ किग्रॅ. वजनाचा स्वार आणि २० किग्रॅ. ची सायकल धरली, तर पायडलावर सरासरी २५ किग्रॅ. भार सतत द्यावा लागतो, आणि पाय खाली-वर होताना तो एकसारखा पडत नसल्याने दाबाच्या क्षणी तो याच्या दुपटीपर्यंत जातो. एवढ्या मंद गतीत, एवढ्या जोराने, तास-दोन तास पायडल मारणे बहुतेकांच्या शक्तीबाहेरचे होते. म्हणून घाट लागला की उतरावे आणि हँडल धरून सायकल चालवीत न्यावी, ही रीत पडली. त्यात कमीपणा कोणी मानीत नसे. सायकल हातात धरून चढणारा माणूस मोकळ्या हातांनी चालणाऱ्यापेक्षा थोडा अधिक थकतो; मात्र कॅरिअरवरील पंधरावीस किलोंचे ओझे त्याच्या डोक्यावरून चाकांवर आलेले असते, आणि माथ्यावर पोहोचताच आजऱ्यापर्यंतची तीस-एक किमी. ची वाट त्याला मोकळी मिळते. घाटावरून कोकणात उतरणाऱ्याचा फायदा तर उघडच होता.

सायकल-इतिहासाच्या दृष्टीने या ढकलत नेणाऱ्यांचे स्थान कोणते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. सायकलीचा इतिहास बहुधा शर्यतींच्या आणि दूरच्या सफरींच्या नोंदींवरून लिहिला जातो. १९२३ मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलीवर जगप्रदक्षिणेस निघाले व त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे तिघे १९२८ मध्ये ती पुरी करून परतले. त्यांच्या प्रवासाचे पुस्तक झाले. मुंबई–पुणे सायकल शर्यतीमुळे बोरघाटाला कीर्ती मिळाली. खंडाळ्याचा चढ प्रथम पार करणाऱ्या स्वारास ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरविण्याची प्रथा महाराष्ट्रात परिचित आहे. हा बोरघाटाचा गाडीरस्ताही १८३० मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत खुला झालेला, म्हणजे बैलगाडीच्याच मापाचा. आंबोलीच्या वाटेने मात्र जे गेले ते टपाल, कापडाचे गठ्ठे, औषधे, भाजी, नाही तर स्वतःचा बिस्तरा घेऊन; त्यांच्या वेळा कोणी मोजल्या नाहीत. अभिलेखात त्यांचा मागमूस लागत नाही, पण घाटाला सायकलची आणि सायकलला घाटाची ओळख करून दिली ती त्यांनीच. शर्यतीचे विजेते त्यांच्यानंतरचे आहेत.

पाऊस : आंबोलीच्या चढाला जी भीतीयुक्त कीर्ती आहे ती उंचीमुळे नव्हे, हवामानामुळे. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येतात. वेंगुर्ले-मालवणच्या किनाऱ्यावर त्यांना अडथळा नसतो. तेथील पाऊस वर्षाला सुमारे ३,००० मिमी. असतो. किनाऱ्यापासून अवघ्या चाळीस-पन्नास किमी. अंतरावर सह्याद्रीचा कडा आडवा येतो, हवा एकाएकी वर ढकलली जाते, थंड होते व तिच्यातील बाष्प ढगांतून कोसळते. आंबोलीस पावसाचे प्रमाण किनाऱ्याच्या दुपटीहून अधिक होते. माथा ओलांडला की तितक्याच झपाट्याने ते ओसरते. गडहिंग्लजपर्यंत जाईतो पाऊस १,००० मिमी. च्या आसपास येऊन ठेपतो. एकाच दिवसात कुडाळहून निघून आंबोलीमार्गे गडहिंग्लजला गेलेला सायकलस्वार उन्हातून धुवाधार पावसात व पुन्हा उन्हात येतो, असे जुलैतही घडते.

घाटात पाऊस आणि ढग वेगळे राहत नाहीत. ढगच रस्त्यावर उतरलेला असतो. दहा-पंधरा पावलांपलीकडचे दिसेनासे होते, समोरून येणाऱ्या वाहनाचे दिवे अचानक उगवतात आणि कड्याकडची बाजू कोणती व दरीकडची कोणती, हे पाण्याच्या आवाजावरून ओळखावे लागते. वारा मात्र चढणाऱ्याला सर्वस्वी प्रतिकूल नसतो. तो समुद्राकडून येत असल्याने घाटाच्या निम्म्या वळणांवर पाठीशी असतो. उरलेल्या वळणांवर तो तोंडावर येतो व एकाच चढात स्वाराला दोन वेगळे घाट भेटतात. पूर्वी पावसात घाट चढणारा पादचारी घोंगडीची खोळ किंवा इरले घेऊन जाई. सायकलस्वाराला दोन्ही निरुपयोगी. इरले वाऱ्याने उलटते आणि भिजलेली घोंगडी चाकात जाते. छत्रीचा तर प्रश्नच नाही. भिजणे हाच त्यावरचा उपाय, असे सायकलस्वार म्हणतात. चढताना ते खरेही आहे.

याचे कारण शरीरव्यापारात आहे. स्नायू आपल्या इंधनापैकी साधारण एकचतुर्थांश भागाचेच काम करू शकतात. बाकीचे उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. ८५ किग्रॅ. वजन ६०० मी. उंच नेण्यास सुमारे ५०० किलोजूल काम लागते, म्हणजे चढून जाईपर्यंत त्याच्या तिप्पट उष्णता शरीरात निर्माण होते. उन्हाळ्यात ही उष्णता घामाने घालविता घालविता स्वार थकतो. कोकणातील दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे एप्रिल-मेमधील दुपारचा चढ पावसाळ्यातील चढापेक्षा अधिक घातक ठरू शकतो. जुलैत पाऊस ती उष्णता काढून नेतो आणि चढ सुसह्य होतो. संकट येते ते माथ्यावर. तेथे थांबताच उष्णतेचा झरा आटतो, अंगावरचे कपडे ओलेचिंब असतात, हवा सुमारे २० अंश से. असली तरी वारा सुटलेला असतो, आणि काही मिनिटांत हुडहुडी भरते. त्या स्थितीत उतार सुरू केला तर ब्रेकवरची बोटे वळत नाहीत. अनुभवी स्वार कोरडा सदरा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून नेतात व माथ्यावरच्या चहाच्या टपरीत आधी कपडे बदलतात, चहा मागाहून घेतात.

उतरणीचा प्रश्न जुन्या सायकलीत अधिक बिकट होता. तिचे ब्रेक रिमवर रबरी गुटके दाबून लागत व रिम चकचकीत मुलाम्याची, पोलादी. पाण्याने भिजल्यावर अशी रिम साबणासारखी होते; ब्रेक पूर्ण दाबले तरी सायकल थांबण्यास कोरड्या रस्त्याच्या कित्येक पट अंतर लागते. म्हणून पावसाळ्यात घाट उतरतानाही सायकल हातात धरावी लागे. कॅरिअरला बांधलेली झाडाची फांदी मागे फरफटत नेऊन वेग रोखण्याची युक्ती बैलगाडीवानांपासून सायकलस्वारांपर्यंत आली होती. ॲल्युमिनियमच्या रिमा आणि अलीकडील चकती-ब्रेक यांनी या धोक्याची धार बोथट केली. ओल्या पानांवरून, शेवाळावरून, मोटारींच्या तेलाच्या तवंगावरून चाक घसरण्याचे भय मात्र कायम आहे.

अन्य पर्वतमार्गांशी तुलना : हवामानासाठी कुख्यात अशा पर्वतावर सायकलने चढण्याची हौस आधुनिक काळात अन्यत्रही दिसते. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यातील मौंट वॉशिंग्टन हे त्याचे ठळक उदाहरण. त्याच्या शिखरावरील वेधशाळेत १२ एप्रिल १९३४ रोजी ताशी ३७२ किमी. वेगाच्या वाऱ्याची नोंद झाली. १९९६ पर्यंत ती भूपृष्ठावरील सर्वोच्च नोंद होती. तेथील सुमारे १२.२ किमी. लांबीचा रस्ता १८६१ मध्ये हौशी प्रवाशांच्या घोडागाड्यांसाठी खुला झाला. त्याचा सरासरी चढ शंभरास बारा, आणि अगदी शेवटचा तुकडा शंभरास बावीस आहे. आंबोलीच्या सुमारे तिप्पट चढाचा रस्ता आखणे शक्य झाले, कारण त्यावरून माल जावयाचा नव्हता. चार माणसे बसलेली हलकी गाडी घोडे ओढू शकत. १९७३ पासून त्या रस्त्यावर सायकल-आरोहणाची स्पर्धा होऊ लागली. तीत सायकलवरून खाली येण्यास मनाई असून स्पर्धकाला परतीसाठी मोटारीची व्यवस्था अगोदर करावी लागते. चढण्यापेक्षा उतरणे धोक्याचे, ही आंबोलीच्या स्वारांची समजूत तेथे नियमाच्या रूपाने आढळते. फ्रान्समधील मों व्हांतू या वाऱ्याने झोडपलेल्या, उघड्याबोडक्या पर्वतावर १९६७ च्या तूर द फ्रान्स शर्यतीत टॉम सिम्प्सन हा इंग्रज स्वार भर उन्हात कोसळून मृत्यू पावला. उष्णता, उत्तेजक द्रव्य व अतिश्रम यांचा तो बळी होता. पावसाच्या बाबतीत यांपैकी एकही पर्वत आंबोलीच्या जवळ येत नाही.

गिअरनंतरचा काळ : अनेक गिअरच्या सायकली भारतात सर्वसामान्य ग्राहकास सहज मिळू लागल्या त्या १९९० नंतर, आणि तळकोकणात त्या रुजावयास पुढची दहा-पंधरा वर्षे गेली. पुढील व मागील चक्रांचे दाते सारखेच ठेवता येऊ लागल्याने पायडलाच्या एका फेरीत सायकल सुमारे २.१ मी. च पुढे जाऊ लागली. ताशी ८ किमी. वेगात आता मिनिटाला साठहून अधिक फेऱ्या होतात व पायावरील भार पूर्वीच्या निम्म्याहून खाली येतो. काम तेवढेच राहिले, फक्त ते सुट्या नाण्यांत फेडता येऊ लागले. सत्तर-ऐंशी वर्षे जो चढ पायी चढण्याचा समजला जाई, तो बसून चढण्याचा झाला, याचे श्रेय माणसाच्या दमापेक्षा मागील चक्रावरील दात्यांना अधिक द्यावे लागेल. कुडाळ, कणकवली, सावंतवाडी व वेंगुर्ले येथील डॉक्टर, शिक्षक, दुकानदार, विद्यार्थी रविवारी पहाटे निघून न्याहारीच्या वेळेस आंबोली गाठताना दिसतात. महाराष्ट्रातील घाटांच्या सरावावर पुढे मोठे पराक्रमही झाले; २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिका पूर्व-पश्चिम आडवी ओलांडणारी ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ ही शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली व तसे करणारा तो पहिला भारतीय संघ ठरला.

याच काळात घाटावरील मोटारींची संख्याही वाढली. पावसाळ्यात धबधबे पाहण्यासाठी शनिवार-रविवारी कोल्हापूर, बेळगाव व गोव्याकडील वाहनांची गर्दी होते आणि मुख्य धबधब्याजवळ रस्ता माणसांनी भरून जातो. बैलगाडीला वळता यावे एवढ्या रुंदीच्या वळणांवर लांबलचक मालमोटारी एकमेकींना वाट देतात, तेव्हा सायकलस्वाराच्या वाट्याला कड्याकडील गटाराची कड येते. दरीकडील दगडी कठड्याशी खेटून जाण्यापेक्षा तीच बरी. कड्याकडून मात्र दुसरे भय आहे. माथ्यावर जांभ्या दगडाचे आच्छादन व त्याखाली कुजून मऊ झालेला खडक, अशी येथील भूरचना असल्याने पाणी जांभ्यातून झिरपून खालच्या थरात साठते. तो थर फुगला की झाडांसकट कडा रस्त्यावर येतो. दरड कोसळून घाट बंद पडणे ही पावसाळ्यातील नेहमीची घटना आहे. अशा वेळी वाहतूक फोंडा घाट वा अन्य मार्गांनी वळविली जाते. कुडाळ तालुक्याला स्वतःचा गाडीघाट मिळावा, यासाठी सोनवडे-घोटगे मार्गाची मागणी कित्येक दशके होत आली, त्यामागे हेही एक कारण आहे.

दरडीची खूण आगाऊ मिळते, असे घाटाखालच्या गावांतील लोक सांगतात. कड्यातून वाहणारे स्वच्छ पाणी एकाएकी तांबडे झाले, किंवा वर्षानुवर्षे वाहणारा झरा भर पावसात बंद पडला, तर त्या जागेखाली थांबू नये. पहिल्या खुणेचा अर्थ आतील माती सुटू लागली, दुसरीचा अर्थ पाणी आत कोंडले, असा भूवैज्ञानिक दृष्ट्याही लागतो. मोटारीत बसलेल्याला ही खूण दिसत नाही. ताशी सात-आठ किमी. वेगाने, कड्याच्या बाजूने, खालमानेने चढणाऱ्या सायकलस्वाराला गटारातल्या पाण्याचा रंग सतत दिसत असतो, आणि पाणी तांबडे दिसताच तो वळणापर्यंत मागे फिरून येणाऱ्या गाड्यांना हात करतो.